येण्याचे कारण : सहज

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस मीच टाइप करते. चिटणीसपद गळ्यात पडल्याला सहा वर्षं झाली. काम फार नसतं. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, अध्यक्षांच्या आधीचं 'मा.' जागेवर आहे ना बघायचं, झालं. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दोन, हिशेबपत्रके. असं करत करत शेवटचा, नववा : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे.'

या वाक्याचं मला दरवर्षी हसू येतं. ऐनवेळी येणाऱ्या गोष्टीला क्रमांक देऊन आपण ती चौदा दिवस आधी बोर्डावर लावून ठेवतो. शिवाय तो विषय कोणता असणार, हे बिल्डिंगमधल्या मांजरालाही ठाऊक असतं. पार्किंग. पहिले आठ विषय वीस मिनिटांत मंजूर होतात, सामोसे येतात आणि मग नववा विषय दोन तास चालतो.

यंदा पार्किंगच्या आधी कुणीतरी पंपाच्या खोलीचा मुद्दा काढला. तिथे इतकी अडगळ साठली आहे की प्लंबरचा हात व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. अडगळ कुणाची? सोसायटीची. काढायची कुणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तर त्या रविवारी मी पंपाच्या खोलीत होते. गणपतीचं मोडकं मखर, रंगाचे घट्ट झालेले डबे, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, आणि कोपऱ्यात दोन पोती भरून गेटवरची जुनी रजिस्टरं. रद्दीवाला काटा घेऊन दारात उभा. तो मखराची थर्माकोलची कमान लाथेने बाजूला सारत होता, तेवढ्यात मी एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि एक रजिस्टर उघडलं. सहज.

हे 'सहज' खरं आहे. असं मुद्दाम सांगायला लागतंय, कारण त्या दिवसापासून या शब्दावर माझा पूर्वीसारखा विश्वास उरलेला नाही.

गेटवरचं रजिस्टर तुम्ही पाहिलंच असेल. लांबट, पुठ्ठ्याची बांधणी, पट्टीने आखलेले रकाने. तारीख, नाव, कुठून आलात, फ्लॅट नंबर, येण्याचे कारण, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. पेन दोऱ्याने टेबलाला बांधलेलं, आणि दोरा नेमका इतका आखूड की सहीच्या रकान्यापर्यंत पोचताना वहीच तिरकी करावी लागते. यातला 'येण्याचे कारण' हा रकाना म्हणजे वाचण्याचा ऐवज. बहुतेकांचं कारण 'काम'. काहींचं 'पर्सनल'. 'गॅस', 'केबल', 'दूध हिशोब'. एकाने 'सत्यनारायण' लिहिलंय, तो गुरुजी की जेवायला आलेला, कळायला मार्ग नाही. एका बाईंनी फक्त 'मुलगी' लिहिलंय. आणि मधूनमधून, दोऱ्याच्या पेनाच्या निळ्या गिचमिडीत, दमट कागदावर जरा फुटलेल्या निळ्या-काळ्या शाईत, सरळ रेषेत काढलेलं 'सहज'. स्वतःचं शाईपेन खिशात घेऊन फिरणारा माणूस आमच्याकडे एकच यायचा. माझा मामा.

मामा ठाण्याचा. नौपाड्यात जन्मला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाला, आणि अजून नौपाड्यातच आहे. कारखान्यात चौतीस वर्षं त्याने एक खिळासुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर जाऊ दिला नाही, असं तो सांगतो. असा माणूस स्वतःच्या येण्याला मात्र कधी कारण लावायचा नाही. दार उघडलं की चप्पल काढता काढता म्हणायचा, "काही नाही गं, सहज."

पत्रिका बघणं हा त्याचा छंद. पैसे घेत नाही, आणि फार खरंही सांगत नाही. 'सहज' या शब्दाची खरी फोड मला त्यानेच पहिल्यांदा करून दिली होती, मी कॉलेजात असताना. पत्रिकेतल्या तिसऱ्या घराला 'सहजस्थान' म्हणतात. मला वाटलं, सहज म्हणजे सोप्या गोष्टींचं घर. तो हसला. म्हणाला, सह म्हणजे बरोबर, ज म्हणजे जन्मलेला. बरोबर जन्मलेली ती भावंडं. तिसरं घर भावाबहिणींचं. कर्णाची कवचकुंडलं सहज, म्हणजे त्याच्यासोबतच जन्माला आलेली. गीतेच्या अठराव्या अध्यायात 'सहजं कर्म' आहे, तेही जन्मासोबत आलेलं काम. त्यात सोपं काही नाही, उलट त्यात दोष असला तरी टाकू नये असं बजावलंय.

एवढ्या वजनदार घराण्यातला हा शब्द आपल्या बोलण्यात कसा उतरला बघा. सोबत जन्मलेलं म्हणजे अंगचं. अंगचं म्हणजे विनासायास, म्हणून 'सहज जमलं'. विनासायास म्हणजे हेतू न धरता, म्हणून 'सहज आलो'. साधुसंतांनी पहिल्या अर्थाचा माग काढत सहजसमाधी गाठली. आपण दुसऱ्या टोकाने उतरत उतरत 'पगार किती आहे हो तुमच्या मुलाला? नाही, सहज विचारलं' इथपर्यंत आलो.

आणि ते कधीच सहज नसतं. 'सहज विचारलं' हे मराठीतलं सगळ्यात तयारीचं वाक्य आहे. फोनवर 'सहज केला होता' म्हणणारा माणूस तीन मिनिटं हवा-पाण्याचं बोलतो, मग 'अरे हो' म्हणतो. त्या 'अरे हो'च्या पुढे काम असतं. घरी आलेल्याचं त्याहून वेगळं. दीड तास बसून होतं, चहा होतो, चिवडा होतो, निघायला उठतात, आणि चपलेत अर्धा पाय घातल्यावर, भिंतीला एक हात टेकून, "बरं झालं आठवलं" म्हणत मूळ विषय निघतो. कर्ज, स्थळ, वाटणी, सगळं त्या दारातल्या दोन फुटांत. मला तर वाटतं, मराठी माणसाचा निम्मा व्यवहार उजव्या पायात चप्पल आणि डावा पाय अनवाणी अशा अवस्थेत झालेला असेल.

'सहज सुचलं' हा आणखी एक प्रकार. सकाळी साडेसहाला ग्रुपवर चारोळी पडते, वर लिहिलेलं असतं 'सहज सुचलं म्हणून', आणि खाली संदेश दोनदा दुरुस्त केल्याची खूण.

पण सार्वजनिक जीवनात 'सहज' चालत नाही. तिथे त्याचा थोरला भाऊ लागतो, 'उत्स्फूर्त'. उत्स्फूर्त स्वागत, उत्स्फूर्त बंद, उत्स्फूर्त प्रतिसाद. उत्स्फूर्त गर्दीला नाश्त्याची पाकिटं आधी मोजून मागवलेली असतात. शाळेत आमच्या वेळी उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धा असायची, चिठ्ठी उचलायची आणि बोलायचं. त्यातही बाईंनी 'प्रदूषण' आणि 'माझा आवडता नेता' घोकून घेतलेलं असायचं, कुठल्याही विषयाला तिकडे वळवता येईल या बेताने.

याउलट 'उगाच'. हा शब्द दिसतो क्षुल्लक, पण मला तो फार आवडतो. 'उगा' म्हणजे गप्प, स्थिर. जुन्या मराठीतलं 'उगा राहणे' म्हणजे शांत राहणं. रडणाऱ्या पोराला आपण 'उगी, उगी' म्हणतो ते हेच. मग निश्चल असण्यातून निष्कारण असण्यापर्यंत तो कधी आला कोण जाणे, पण आला. आणि वापरताना आपण एक बारीक भेद पाळतो, जो कुणी शिकवलेला नसतो. मी करते ते सहज. तुम्ही करता ते उगाच. मी सहज बोलले, तू उगाच मनाला लावून घेतलंस.

आईला हे दोन्ही शब्द चालायचे नाहीत. ती मामाची सख्खी मोठी बहीण, पण स्वभाव दुसऱ्या टोकाचा. लहानपणी माझ्या हातून कपबशी गेली की मी म्हणायचे, "कप फुटला." ती म्हणायची, "फुटला काय? फोडलास म्हण." आपली भाषा या बाबतीत पोरांना फार सामील आहे. कप फुटतो, वही हरवते, दूध उतू जातं, झोप लागते. करणारा वाक्यातून पसार. फार तर 'माझ्या हातून' येतो, म्हणजे गुन्हेगार हात, मी नाही. आणि 'राहवलं नाही', 'बघवेना', 'बोलवेना' ही तर कमाल. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. मी गेले नाही, मला राहवलं नाही. जणू राहणं-जाणं हे माझ्या बाहेर कुठेतरी ठरतं आणि मला नुसतं कळवलं जातं. आई हे सगळं उलट फिरवायला लावायची. कुणाकडे जायचं तर आधी फोन, मग हातात काहीतरी, मग दारात पहिलं वाक्य "मुद्दाम आले हो तुम्हाला भेटायला." मुद्दाम येण्यात समोरच्याचा मान आहे, असं तिचं म्हणणं. सहज येणारा माणूस म्हणजे आपल्याला 'वेळ घालवायची जागा' समजतो. मामाला ती हे तोंडावर सुनवायची, आणि तो पोहे खात ऐकून घ्यायचा.

शेवटची तीन वर्षं ती माझ्याकडे होती, नेरुळला. संध्याकाळी आमच्या विंगखालच्या बाकावर बसायची, मटार सोलत किंवा नुसतीच. मामा ठाण्याहून यायचा. २००४च्या नोव्हेंबरात ट्रान्सहार्बर सुरू झाली म्हणून बरं. त्याआधी ठाण्याहून लोकलने यायचं म्हणजे कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी पकडायची. मग दहा नंबरवरून गाडी, तेव्हा ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, आणि नेरुळ. अर्ध्या तासाचं काम. आई गेली २०१४च्या श्रावणात.

त्यानंतरही तो येत राहिला. पहिल्यांदा आला तेव्हाची गंमत मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत होते. गेटवर नवीन वॉचमन होता, उत्तर प्रदेशातला. त्याने इंटरकॉम केला. "मॅडम, आप के घर में सहज कौन है? एक बाबा आए हैं, सहज से मिलना है." मी म्हटलं, वर पाठवा. मामा आला, त्याला मी हे सांगितलं, आणि आम्ही दोघं दार लावायचं विसरून हसत उभे राहिलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं.

वॉचमनचं काही चुकलं नव्हतं. हिंदीत माणूस 'सहज' येत नाही, 'ऐसे ही' येतो. तिथे सहज म्हणजे स्वाभाविक, मोकळं. हल्ली तिथून 'असहज' आपल्या बातम्यांत शिरलाय. 'प्रश्नामुळे मंत्री असहज झाले.' आपल्याकडे अशा वेळी माणूस अवघडतो. बसल्या जागी पाय अवघडावा तसा. इतका नेमका शब्द हाताशी असताना हे उसनं कशाला, असं मी एकदा ऑफिसात म्हणाले तर एकजण म्हणाला, "मॅडम, उगाच कशाला?" उगाच.

तर मामाचं सहज येणं. नौपाड्यात ते शोभायचं. तिथे गोखले रोडवर भाजी घ्यायला निघालेला माणूस तीन घरांवरून जातो. खिडकीतून हाक येते, तो वर चढतो, चहा होतो, भाजी राहते. तलावपाळीला फेरी मारायला गेलेला रंगायतनच्या पायऱ्यांवर भेटतो आणि कुणाच्या तरी घरी जेवूनच परततो. 'इकडून चाललो होतो' हे तिथे खरं असू शकतं, कारण गल्ल्या एकमेकींच्या पदराला धरून आहेत.

नेरुळला कुणाचंच घर कुणाच्या वाटेवर नाही. हे शहर कागदावर आधी जन्मलं. खाडीपलीकडे जोडशहर हवं ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि मग नोड, सेक्टर, प्लॉट अशी आखणी सुरू झाली. शाळा इथे, बाजार तिथे, बाग मधे. मी याची चेष्टा करत नाही. मुंबईतल्या चाळीत वाढलेल्या माझ्या सासूबाई नेरुळचा रुंद फुटपाथ बघून पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, इथे धक्का न खाता मरता येईल. पण आखलेल्या शहरात सगळे कुठे ना कुठे जायला निघालेले असतात. चुकून कुणी येत नाही.

चुकून नाही, पण माणसं आपली वाट पाडतातच. आमच्या सेक्टरातल्या बागेत काटकोनात फरसबंदी रस्ता आहे, आणि त्याला छेद देत, हिरवळीतून, एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत तिरकी मातीची पायवाट. माळ्याने तिथे दोनदा मेंदी लावली. दोन्ही वेळा मधली चार झुडपं बसली. ती वाट कुणी पाडली नाही, पडली. (आई असती तर म्हणाली असती, पाडलीत म्हणा.) बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज आहे, कोरियांनीच ऐंशीच्या दशकात आखलेलं. सात-सात बैठी घरं एकेका अंगणाभोवती, आणि एकाची भिंत दुसऱ्याला चिकटलेली नाही, मुद्दामच. पुढेमागे कुणाला खोली वाढवावीशी वाटली तर शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावी म्हणून. आज तिथे गेलं तर मूळचं घर शोधावं लागतं, इतकी माणसांनी आपापली भर घातली आहे. कुणाला ते बिघडलेलं वाटतं. मला वाटतं, त्या आराखड्यातही नववा विषय ठेवलेला होता.

मामाला नेरुळ कधी कळलं नाही. त्याला 'इकडून चाललो होतो' म्हणायची सवय, आणि इथे 'इकडे' म्हणजे कुठे? मग तो काहीही ठोकून द्यायचा. एकदा म्हणाला, वंडर्स पार्कला आलो होतो. सत्तरीचा माणूस, एकटा, लहान मुलांच्या बागेत. एकदा म्हणाला, खाडीवर फ्लेमिंगो बघायला आलो होतो, म्हटलं जाता जाता डोकावू. मी तेव्हा मान हलवली. भाद्रपद होता. फ्लेमिंगो नेरुळला हिवाळ्याच्या तोंडाला येतात आणि पावसाच्या आधी निघून जातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्यालाही नसावं.

आता बादलीवर बसून मी ते रजिस्टर मागे मागे चाळत गेले. रद्दीवाला म्हणाला, "ताई, घ्यायचं का?" म्हटलं, थांब जरा.

२०१३. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, निळी-काळी शाई. 'कुठून आलात : ठाणे.' 'येण्याचे कारण : बहीण.' मी पुढचं पान बघितलं, त्याच्या पुढचं. बहीण. बहीण. बहीण. २०१४च्या जुलैपर्यंत सगळीकडे बहीण. ऑगस्टमध्ये एकही नोंद नाही, तेव्हा सगळे माझ्याच घरी होते, जाण्यायेण्याची नोंद कोण करतो. मग ११ सप्टेंबर, गुरुवार. 'येण्याचे कारण : सहज.'

तोच तो वॉचमनच्या इंटरकॉमचा दिवस.

इतकी वर्षं मी तो किस्सा विनोद म्हणून सांगत होते. आता मला दिसत होता तो माणूस, गेटवर वाकून उभा, हातात उघडलेलं शाईपेन, समोर नेहमीचा रकाना. तिथे गेली तीन वर्षं लिहीत आला तो शब्द आता लिहिता येत नाही. मागे वॉचमन, त्याच्या मागे कुरिअरवाला. काहीतरी लिहायला तर हवं.

त्या शब्दाचा पहिला अर्थ त्यानेच मला सांगितला होता, हे मला पंपाच्या खोलीतून बाहेर आल्यावर, हात धुताना आठवलं. त्याला त्या क्षणी ते आठवलं असेल असं मी म्हणणार नाही. पत्रिका बघणारी माणसं स्वतःच्या बाबतीत फार ढिली असतात.

पण रजिस्टरात अजून एक गोष्ट होती, आणि खरं तर तीच सांगायला मी बसले आहे. शेवटचे दोन रकाने. येण्याची वेळ, जाण्याची वेळ. मी पुढचं दीड वर्ष बोटाने मोजलं. सप्टेंबर २०१४पासून तो सव्वीस वेळा आला. माझ्या आठवणीतलं त्याचं येणं बारा-पंधरा वेळांचं. मी तेव्हा ऐरोलीला नोकरी करत होते, गुरुवारी कधी लवकर सुटायचे, कधी नाही. उरलेल्या नोंदी बघितल्या. आत ४.२०, बाहेर ४.३५. आत ४.१५, बाहेर ४.३०. अशा अकरा.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टने वर जाऊन, बेल दाबून, वाट बघून, पुन्हा खाली यायला फार तर चार मिनिटं लागतात. उरलेली अकरा मिनिटं. विंगखाली तो बाक अजून आहे.

या अकरा वेळांबद्दल तो मला कधी एक अक्षर बोलला नाही. 'परवा येऊन गेलो, तू नव्हतीस' हे वाक्य किती साधं आहे. मी हजारदा ऐकलंय, बोललेय. पण ते बोललं की समोरच्याच्या अंगावर एक फेरी चढते. अरे बापरे, तू आलास आणि मी नव्हते, पुढच्या वेळी फोन कर हं, मी सुट्टी घेईन. मग येणं ठरवून होतं, ठरवून झालं की भाजी जास्तीची होते, मग कुणीतरी कुणाचं तरी देणं लागतं. आईला हे देणंघेणं आवडायचं, तिला त्यात माणूस धरून ठेवल्यासारखं वाटायचं. मामाने सरळ बिनाचिठ्ठीचा माल आत सोडला. चौतीस वर्षांत न केलेलं काम.

रजिस्टर मी रद्दीत घातलं नाही. रद्दीवाल्याने तेवढं सोडून बाकीचं वजन केलं आणि वर म्हणाला, "आठवण म्हणून का?" म्हटलं, नाही, सोसायटीचं रेकॉर्ड आहे. चिटणीस कशाला असते?

२०१९पासून आमच्या गेटवर रजिस्टर नाही, ॲप आहे. त्यात येणाऱ्यांसाठी चार चौकोन आहेत : पाहुणे, डिलिव्हरी, कॅब, कामवाले. पाहुण्यांना आधी कोड पाठवावा लागतो, म्हणजे ते येणार हे आपल्याला आधी माहीत असावं लागतं. सोय चांगली आहे, मीच ठराव मांडला होता. मामाचा फोन बटणांचा. कोड येतो, पण त्याला तो वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा पिशवीत तळाला असतो. गेल्या चार-पाच वर्षांत तो सहज आलेला नाही. बारशाला आला, मुंजीला आला. आमंत्रण होतं.

पुढच्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि ठाण्याची गाडी धरली. फोन केला नाही. हे फार अवघड आहे, खोटं नाही सांगत. तीनदा फोन हातात घेतला. राम मारुती रोडवर मिठाईच्या दुकानासमोर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की अर्धा किलो पेढे नेले तर हे सहज राहणार नाही. रिकाम्या हाताने जायचं तर आईचे डोळे पाठीत रुतत होते. शेवटी हातगाडीवरच्या ओल्या शेंगा घेतल्या, पाव किलो. शेंगा कुणी मुद्दाम नेत नाही.

मामीने दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. "काय गं? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"सगळे बरे आहेत ना? जावईबापू?"

"अगं मामी, बरे आहेत. सहज आले."

ती बाजूला झाली, पण आत ओरडून म्हणाली, "अहो, हिला पाणी द्या आधी." मामा बाहेर आला. टेकत टेकत, आता काठी आहे. माझ्याकडे बघितलं, हातातल्या पिशवीकडे बघितलं, आणि मामीला म्हणाला, "तू चहा टाक. ती सांगेल निघताना." म्हणजे चपलेत पाय घातल्यावर. त्यालाही तो नियम माहीत आहे.

शेंगा उकडल्या, चहा झाला, इमारतीच्या रिडेव्हलपमेंटचं बोलणं झालं. बिल्डर कोणता, भाडं किती देणार, सह्या किती झाल्या, पुढच्या गल्लीतली इमारत पाडून तीन वर्षं नुसता पत्रा लागलाय. मामा शेंगा सोलून माझ्या ताटलीत टाकत होता, स्वतः एकही खात नव्हता, दातांमुळे. मामी अधूनमधून माझा चेहरा वाचत होती. पावणेसहा झाले.

"मामा," मी म्हटलं, "गुरुवारी यायचास ना, आई गेल्यानंतर. तेव्हा मी बऱ्याचदा घरी नसायचे, नाही का रे?"

"कोण म्हणालं?"

"रजिस्टर. गेटवरचं. मला जुनं सापडलं."

त्याने हातातली शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले, टरफल फुंकलं.

"मग कारणही लिहिलं असेल की त्यात," तो म्हणाला.